डावीकडे कललेली मोटर

१

रोज सकाळी भाकर खाऊन झाली की मी पाण्याचा तांब्या घेतो आणि निंबाखाली मोटरीजवळ जाऊन बसतो. मोटर घरी आली तेव्हापासूनची ही सवय. तेव्हा काम असायचं. आता काम नाही, तरी बसतो. सांगताना माझं कुठं मागे-पुढे झालं तर सांभाळून घ्या. मलाच त्यातलं सगळं लागत नाही.

मोटर, म्हणजे चारचाकी गाडी, मदनलाल सेठजींची. धरणगावात त्यांचं कापसाचं जिन होतं, सरकी काढायचा कारखाना. पट्ट्यांना तेल घालण्यात आणि कापसाचा ट्रॅक्टर चालवण्यात माझा जन्म त्या जिनात गेला. सेठजी गेले, जिन बंद पडलं. यंदा त्यांचा नातू अर्हम आला, जिन पाडून प्लॉट पाडायला. गोदामाच्या कोपऱ्यात जुन्या पोत्यांच्या ढिगाखालून ही मोटर निघाली. गोल डोळ्यांची, फुगीर पाठीची. नाकावरची नावाची पट्टी कुणी कधीच काढून नेलेली, म्हणून कुठल्या कंपनीची ते कुणाला सांगता येत नाही. गावात तिला ‘सेठनी मोटर’ म्हणायचे, तेवढंच तिचं नाव.

त्या काळी गावात दुसरी मोटर नव्हती. सेठजी मोठ्या मनाचे. जिनातल्या माणसाच्या घरी लग्न असलं की नवरीला सासरी पोचवायला मोटर द्यायचे. माझी मोठी बहीण भिकुबाई हिच्यातच बसून पिंपळनेरला गेली. मी लहान होतो, मोटरीमागे धूळ खात पळालो. ती हळदीच्या अंगानं मागच्या शीटवर डाव्या खिडकीशी बसली होती आणि काचेला तिचं नाक चपटं झालं होतं. तेवढं मला अजून दिसतं.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे. तिचा भाऊ किंवा बाप मुराळी होऊन तिच्या दारात जातो, ‘चल बाई, तुले लेवाले उनू’, म्हणजे तुला न्यायला आलो, असं म्हणतो आणि घेऊन येतो. भिकुबाईच्या पहिल्या आखाजीला आमचा बाप हीच मोटर घेऊन निघाला होता. ती वाटेत बंद पडली. बैल लावून ओढून आणली आणि गोदामात उभी केली, ती तिथंच राहिली. त्या दिवशी भिकुबाई गाठोडं घेऊन दिवस मावळेपर्यंत सासरच्या ओट्यावर बसून होती. पुढं बैलगाडीनं आली, एस्टीनं आली, पुष्कळदा आली. पण सांगताना ती तोच दिवस सांगायची.

मागं एकदा पडून तिचं कंबरेचं हाड मोडलं. तेव्हापासून एस्टीत चढता येत नाही, जीपमध्ये पाय दुमडत नाही. आखाज्या आल्या आणि गेल्या. फोनवर माझं नाव घेऊन म्हणायची, ‘पुना, एकदाव माले ली जाय. मंग मी मराले मोकळी.’

मोटर दिसली तेव्हा माझ्या मनात आलं ते एवढंच, की हिची मागची शीट चांगली रुंद आहे. पाय लांब करून बसता येईल.

अर्हम म्हणाला, ‘आबा, भंगारवाला जे देतो तेवढंच द्या आणि घेऊन जा. कागदपत्रांचं मी बघतो.’ माझ्या बायकोनं, बेबाबाईनं, शेळ्या विकल्या. दोन दिवस तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

२

ट्रॅक्टरला बांधून मोटर ओढत आणली, निंबाखाली लावली. चाकांत हवा नव्हती. आत उंदरांचा वास. तरी मला आनंद झाला होता. मी मागचं डावं दार ओढलं, ते कुरकुरत उघडलं. बेबाबाई ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिचा रुसवा जावा म्हणून मी गंमत केली. दार हातात धरून वाकलो आणि मुराळ्यासारखा आवाज काढून म्हणालो, ‘चल बाई, तुले लेवाले उनू. बस गाडीमा.’

बेबाबाई हसली नाही. सूप खाली ठेवून म्हणाली, ‘आसं दारात न जाता बलावतस का? कोण आयकी लेस, कोण ऊठी येस, काय भरोसा?’

‘अवं, गंमत करी मी.’

‘ती गंमत करानी गोष्ट नही शे.’

तिचं खरं होतं. मुराळ्यानं ते शब्द लेकीच्या सासरच्या उंबऱ्यावरच बोलायचे असतात. वाटेत नाही, शेतात नाही, रिकाम्या गाडीजवळ तर नाहीच. माझी आई तर बैल जुंपतानाही बापाला ते बोलू द्यायची नाही. असं का, ते मी कधी विचारलं नाही.

मी दार लोटलं. जुनं दार आहे, आपटावं लागेल असं वाटलं होतं. पण ते आतून कुणी ओढून घ्यावं तसं हळू लागलं. कडी पडल्याचा आवाज आला. नंतर ते दार आमच्या हातानं उघडलंच नाही.

३

पंडित मिस्त्री गावात ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्यानं मोटरीभोवती एक फेरी मारली, बोनेट उघडून आत बघितलं आणि बंद केलं.

‘बेबाअक्का,’ तो ओट्याकडे बघून म्हणाला, ‘हाई मोटर नही शे. आबानी तुमले सवत लयनी.’

‘सवत ते सवत,’ बेबाबाई म्हणाली. ‘भांडा तरी घासी.’

पंडितनं काम हौसेनं घेतलं. नवं काही घ्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. बॅटरी ट्रॅक्टरची. पेट्रोलची टाकी गंजून चाळण झाली होती, म्हणून पुढं एक प्लास्टिकची कॅन बांधली आणि तिला नळी लावली. ब्रेकची रबरं धुळ्याच्या जुन्या बाजारातून आली. आरसा नव्हता. पंडित म्हणाला, ‘मांगे दखानं काय काम शे? आपले पुढे जानं शे.’ तेही बरोबर होतं.

डावं मागचं दार त्याला उघडेना. आतली कडीच जाम झाली म्हणाला. त्या खिडकीची काचही वर अडकलेली. तिचा नादही त्यानं सोडला. उजवं दार चालू होतं, त्यानं काम भागत होतं.

एक दिवस चाकांत हवा भरून तो लांब उभा राहिला आणि डोकं वाकडं करून बघत बसला.

‘आबा, ही डावीकडे कलेल शे.’

मला आधी दिसलं नाही. मग दिसलं. मागची डावी बाजू खाली बसली होती. माणूस शीटवर बसला की बसते तशी.

पंडितनं गवंड्याकडून पाणसळ आणली, मागच्या डिकीवर आडवी धरली. बुडबुडा उजवीकडे पळालेला. ‘पाटे थकले,’ तो म्हणाला, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. भंगारातल्या जीपचा एक पाटा काढून त्यानं डाव्या चाकावर वाढवला. बुडबुडा मधे आला. आम्ही चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी बुडबुडा पुन्हा उजवीकडे होता.

मग त्यानं दोन्हीकडचे पाटे काढून डाव्याचे उजवीकडे आणि उजव्याचे डावीकडे घातले. आता कललीच तर उजवीकडे कलायला पाहिजे. कलली डावीकडेच. मी म्हणालो, जमीन बसत असेल, निंबाचं मूळ कुजलं असेल. आम्ही मोटर ढकलून उलटी फिरवली, तोंड घराकडे केलं. डावी बाजू आता दगडी जमिनीवर आली. तरी डावीच खाली.

पंडितनं बिडी पेटवली. ती अर्धी ओढली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, ‘काल मांगे कोण बठेल व्हतं?’

‘कोण बठी? दार ते उघडस नही.’

‘उजवं उघडस ना.’

‘पोरं बठली व्हतीन,’ मी म्हणालो. पण आमच्या गल्लीत आता लहान पोरं नाहीत. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

४

मागची शीट उंदरांनी खाल्ली होती. शहरात नवी करायची म्हटली तर शेळ्यांचे उरलेले पैसे संपले असते. मी जिनातला माणूस, मला कापूस कळतो. अर्हमनं गोदाम झाडताना निघालेला जुना कापूस मला दिला. पिंजाऱ्याकडून तो पिंजून आणला, काथ्यावर थर दिला आणि बेबाबाईनं तिच्या दोन जुन्या लुगड्यांची खोळ शिवली. अशी गच्च भरली की मूठ मारली तरी खड्डा पडेना. भिकुबाईच्या कंबरेला बरं वाटेल म्हणून मी स्वतः उभा राहून भरून घेतली.

दुपारची गोष्ट आहे. चैत्राचं ऊन, बाहेर चिटपाखरू नाही. मी निंबाखाली खाटेवर पडलो होतो. झोप लागली नव्हती, पण डोळे मिटलेले होते. मोटरीतून आवाज आला. कापसाच्या गादीवर कुणी टेकलं की खोळ ताणून जो बारीक आवाज येतो, तो. मी आयुष्यभर कापसाच्या गंज्यांवर बसलो-उठलो आहे, तो आवाज मी ओळखतो.

उठून उजव्या खिडकीतून आत बघितलं. आत कुणी नव्हतं. पण डाव्या खिडकीशी शीट दबलेली होती. एक लहान, गोल खड्डा. मोठ्या माणसाचा नाही. आणि त्या बाजूच्या काचेवर आतून, मधोमध, पैशाएवढा वाफेचा डाग होता. मी बघता बघता तो विरून गेला.

मांजर असेल, मी मनाला सांगितलं. मांजर आत शिरलं असेल, ऊन टाळायला. पण मांजर उन्हाच्या बाजूला बसत नाही, आणि डावी बाजू तेव्हा सगळी उन्हात होती. मी मान आत घातली. भट्टीसारखी हवा अंगावर आली. तिथं जिवंत काही बसूच शकत नव्हतं.

मी शीट थोपटून सारखी केली. तेवढ्या भागातला कापूस ओलसर लागला. घामानं लागतो तसा.

बेबाबाईला सांगितलं नाही. माझं वय झालं आहे, मला काय काय वाटतं. परवाच मी चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधला होता.

५

फोन सारिकाचा आला, भिकुबाईच्या सुनेचा. ती शाळेत शिकवते, बोलणं साफ आहे.

‘मामा, तुम्ही आईंना काही बोललात का?’

‘काय बोलू?’

‘त्या म्हणतात, पुना मला घेऊन गेला. मी गाडीत बसलेय. सकाळपासून खाटेवर एका कडेला टेकून बसतात, डावीकडे. खिडकी उघडी आहे, कूलर लावलाय, तरी म्हणतात गरम होतंय.’

मी म्हणालो, ‘मी अजून घरातून निघालो नाही.’

‘ते मी सांगितलं त्यांना. थांबा, देते.’

भिकुबाईचा आवाज लांबून आला. तिच्या घरातून येतो तसा नाही. बंद पत्र्याच्या डब्यात बोलावं तसा.

‘पुना, आठे गंज गरम व्हस रे. काच खाले कर ना.’

‘कोनती काच, बाई?’

‘मना जोडेनी. ती खाले येस नही.’

काच अडकली आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पंडितला माहीत होतं आणि मला. निदान मला तसं वाटतं. फोनवर बोलता बोलता कधी सांगून गेलो असेन का? खूप आठवून बघितलं. आठवत नाही. आठवत नाही म्हणजे सांगितलंच नसेल, असं तरी कसं म्हणू?

‘बाई, तू पिंपळनेरले शे. घरमा. मी आखाजीले येसू तुले लेवाले.’

‘आते कसाले येस?’ ती म्हणाली. ‘तूच ते बलायं माले. मी कव्हानी बठेल शे.’

सारिकानं फोन परत घेतला. बाहेर जाऊन बोलत असावी, कारण आवाज हळू केला. ‘मामा, एक विचारू? आई खातात-पितात, सगळं नीट आहे. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. पण मी रोज त्यांना उचलून बाथरूमला नेते ना, तर रोज हलक्या लागतात. काल उचललं तर हातात काही आलंच नाही असं वाटलं. घाबरून खाली बघितलं मी. होत्या. बघत होत्या माझ्याकडे.’

मी फोन ठेवला. निंबाखाली मोटर उभी होती. आता पाणसळ लावायची गरज नव्हती. लांबून कुणालाही दिसलं असतं.

६

तेव्हा बेबाबाईला सगळं सांगितलं. मी म्हणालो, ‘भंगारवाल्याले दी टाकू. आजच.’

‘आन् ती आत बठेल शे, तिनं काय?’ ती म्हणाली.

या बाईचं असं आहे. जे मी मनातही बोलत नाही, ते ती भाजीत मीठ किती घालू म्हटल्यासारखं बोलून टाकते.

‘ती कोण?’ मी विचारलं.

‘माले काय माहीत? तुम्ही बलायं.’ मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. ‘आर्ध बलावनं ठेवू नका. दारात जा, उंबऱ्यावर उभा रहा, नीट बलावा. भिकूआक्का घर येवाले पाहिजे. बस.’

मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. भिकुबाई तिथं हलकी होत चालली होती. आणलं नाही तर काय होईल ते कळत नव्हतं, आणि आणलं तर काय होईल तेही कळत नव्हतं. पण आणायचं, एवढं तरी ठरवता येत होतं.

पहिलं काम काचेचं केलं. पंडितला बोलावलं. त्यानं दाराची आतली पट्टी उचकटली, काच दोन्ही हातांनी धरून खाली दाबली. ती करकरत उतरली. उतरताच आतली हवा बाहेर आली आणि पंडितनं तोंड बाजूला केलं. हळदीचा वास होता. ओल्या हळदीचा.

‘कोणी मसाला ठेयेल व्हता का आबा मांगे?’

मी हो म्हणालो.

संध्याकाळी सारिकानं सांगितलं, ‘आज आई बऱ्या आहेत. म्हणाल्या, आता वारा लागतोय.’

मोटर सुरू झाली ती आखाजीच्या आदल्या दिवशी. पंडितनं किती वेळा चावी फिरवली असेल. ती खोकायची आणि गप्प व्हायची. शेवटी तो घामाघूम होऊन उतरला आणि म्हणाला, ‘आबा, मना हातले ही मानस नही. तुम्ही बसा.’ मी बसलो, चावी फिरवली. पहिल्या दमात लागली. सगळ्या गल्लीत धूर झाला. पंडित नाचला. बेबाबाईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी तिनं पुढच्या चाकावर घातलं, आणि उरलेलं, मला वाटतं उरलेलं नव्हतं, राखून ठेवलेलं, डाव्या खिडकीतून आत धरलं.

नारळाची कवड तिनं बाहेर घेतली तेव्हा ती कोरडी होती. शीटही कोरडी होती.

७

आखाजीला पहाटे अंधारातच निघालो. अमळनेरवरून धुळे, धुळ्यावरून साक्री. पंडित माझ्या शेजारी. आधी खूप बोलला. गाडी सिनेमावाले विकत मागतील म्हणाला, मग आबा तुम्ही मला ओळखणार नाही. रस्त्यानं लोक मोबाइल काढून फोटो घेत होते. मोटर हळू जात होती, पण जात होती. वळणावर डावीकडे झुकायची, मी चाक धरून ठेवायचो. ट्रॅक्टरची ट्रॉली एका बाजूला जास्त भरली की असंच धरावं लागतं. माझ्या हातांना ते नवीन नव्हतं. हात घाबरले नाहीत, हे मला आठवतं.

साक्रीच्या पुढं पंडितचं बोलणं थांबलं. बराच रस्ता गेला.

‘आबा,’ तो समोर बघत म्हणाला, ‘आरसा लाया नही, ते बरं झायं.’

मी का म्हणून विचारलं नाही.

पिंपळनेरला घरापुढं मोटर लावली. मी चपला काढल्या, उंबऱ्यावर उभा राहिलो आणि नीट, सगळे शब्द घेऊन म्हणालो, ‘चल बाई, तुले लेवाले उनू.’

भिकुबाई खाटेवर होती. माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला. रडली. ‘उना तू,’ म्हणाली. ‘मी ते समजनू, कोणीच येत नही.’

मी तिला उचललं. सारिका खोटं बोलली नव्हती. पोतं रिकामं करून झटकलं की हातात जे राहतं, तेवढंच वजन. मला भीती वाटली की वारा आला तर काय करू. छातीशी धरून मोटरीजवळ आणलं. पंडितनं उजवं दार उघडलं. भिकुबाई आत वाकली आणि थांबली. डाव्या बाजूला बघत राहिली. मी तिचं तोंड बघत होतो, आत नाही. तिला नवल वाटलं नाही. जत्रेत ओळखीचं माणूस भेटल्यावर होतं तसं तोंड झालं.

‘सरक माय जराशी,’ ती हळूच म्हणाली.

आतून खोळ ताणल्याचा तो बारीक आवाज आला.

मी तिला बसवलं, पाय लांब करून दिले. पंडित मागं जाऊन उभा राहिला होता. त्यानं पाणसळ सोबत का आणली होती देव जाणे. डिकीवर धरली आणि मला खुणेनं बोलावलं. बुडबुडा अगदी मधोमध होता.

येताना सगळा रस्ता भिकुबाई बोलत होती. आमच्याशी नाही. थोडं बोलायची, मग गप्प राहायची, मग ‘हाव ना’ म्हणायची. एकदा हसली. पुष्कळ वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. पंडितनं तर डोळेच मिटून घेतले होते.

८

ऊन उतरायच्या आत घरी पोचलो. आमच्याकडे लेक माहेरी आली की उंबऱ्याबाहेरच तिच्या पायांवर पाणी घालतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, मगच घरात घेतात. बेबाबाई तांब्या आणि तुकडा घेऊन तयार उभी होती.

मी उजव्या दारातून भिकुबाईला उचललं. आणि माझे गुडघे वाकले. जड होती. चांगली, भरल्या घरच्या म्हाताऱ्या बाईसारखी जड. पंडितनं दुसरीकडून हात दिला तेव्हा ओट्यापर्यंत आली. मला रडू आलं. आणली, एवढंच मनात होतं. बहीण आणली.

बेबाबाईनं तिच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळला, दूर टाकला. मग तिनं आमच्या खांद्यावरून मोटरीकडे बघितलं. बघत राहिली. हातातला तांब्या हलवून बघितला, किती पाणी आहे ते.

‘थांबा,’ ती म्हणाली. ‘दुसरा तुकडा लयस.’

ती आत गेली. माझ्या पाठीमागं एक दार कुरकुरलं. पंडित माझ्या शेजारी होता. उजवं दार त्यानंच लावलेलं मी बघितलं होतं.

मी मान वळवायला लागलो तर भिकुबाईनं माझं मनगट धरलं.

‘मांगे दखू नको,’ ती म्हणाली. ‘लाजस ती.’

मग पाटे वाजले. माणूस उतरल्यावर वाजतात तसे. बेबाबाई बाहेर आली, माझ्या बाजूनं पुढं गेली. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. पाणी ओतल्याचा आवाज आला. आमचं अंगण ओट्याकडे उतरतं आहे. ते पाणी माझ्या चपलांपर्यंत वाहत आलं. पिवळं होतं.

९

आखाजी चांगली झाली. रस, पुरणाच्या पोळ्या, सांजोऱ्या. निंबाला झोका बांधला. भिकुबाई तिथं खुर्ची टाकून बसायची आणि झोका हलत असायचा. वारा असायचा, हेही सांगितलं पाहिजे. बेबाबाई ताटं किती वाढायची ते मी मोजलं नाही.

पंडित त्यानंतर आला नाही. त्याची पाणसळ आमच्याकडेच आहे.

सण झाला की लेकीला परत सासरी पोचवावं लागतं. ते मुराळ्याचंच काम. सारिकाचे फोन येतात. ‘मामा, आईंना कधी आणता? त्यांची खाट झाडून ठेवलीय.’ भिकुबाई आता काठी घेऊन अंगणात फिरते, तब्येत चांगली आहे. पोचवायचं म्हटलं की मान हलवते.

‘आधी तिले पोचाड.’

‘कोठे?’

माझ्याकडे ती लहानपणी बघायची तसं बघते, याला काहीच कसं कळत नाही म्हणून. ‘जठेन लयना तठे.’

मी आणली ती जिनाच्या गोदामातून. तिथं आता गोदाम नाही. अर्हमनं सपाट केलं, चुन्याच्या रेघा मारल्या. मी जाऊन बघून आलो. रेघांमध्ये उभं राहून गोदामाचा कोपरा कुठं होता ते शोधलं, सापडला नाही. दुसरी जागा म्हटली तर पिंपळनेर. काचेला नाक लावून बसलेल्या त्या नवरीला नेणारे तिथंच नेत होते. पण तिथं एकच खाट आहे, झाडून ठेवलेली. त्या खाटेवर ती जाऊन बसली, तर मग भिकुबाईचं काय? ती पुन्हा हलकी व्हायला लागली तर?

कुणाला विचारावं असं माणूस नाही. मी विचार करतो, आणि विचार एका जागी जाऊन थांबतो. पुढं रस्ता दिसत नाही.

मोटर निंबाखाली आहे, पुन्हा डावीकडे कललेली. आत तयार होऊन बसली आहे ती, निघायची वाट बघत. काच मी खालीच ठेवतो. ऊन फिरलं की पोतं बांधून सावली करतो, भोवती पाणी शिंपडतो. पुन्हा कुणी दिवसभर बसून राहिलं आणि कुणी आलंच नाही असं व्हायला नको. मी येऊन शेजारी बसतो, एवढं तरी मला करता येतं.

आज सकाळी, आत्ताच, बेबाबाई विहिरीवर गेली होती आणि भिकुबाई आत होती. मी तांब्या खाली ठेवला. खिडकीकडे बघितलं नाही. निंबाकडे बघत हळूच विचारलं, ‘बाई, तुले कोठे पोचाडू?’

पाटे वाजले. आत कुणी सांगायला खिडकीकडे सरकलं की वाजतात तसे.